स्मार्टवॉचला धातूची चेन लावताना काय पाहावे?

दुधना (परभणी)

नमस्कार. मागच्या दिवाळीत मुलाने मला स्मार्टवॉच घेऊन दिले. सोबत आलेला सिलिकॉनचा पट्टा हिवाळाभर चांगला चालला, पण मार्च लागला आणि शाळा सुटेपर्यंत पट्ट्याखाली घाम साचून मनगटाची कातडी पांढरी पडू लागली. संध्याकाळी तिथे आग होई. आमच्या घरात घड्याळ म्हणजे चेनचे, अशी वडिलांपासूनची सवय आहे. त्यांच्या एचएमटीची स्टीलची चेन शेवटपर्यंत त्यांच्या हातावर होती. म्हणून मीही बाजारातून साडेतीनशे रुपयांची चेन आणली. खोक्यावर ‘स्टेनलेस स्टील’ असे ठळक छापलेले होते.

पहिल्या आठवड्यात तक्रारीला जागा नव्हती. दुसऱ्या आठवड्यात मनगटाच्या खालच्या बाजूला, बरोबर लॉकच्या आकाराचा लालसर चट्टा उठला. चेन काढून भिंगाखाली धरली तेव्हा लॉकचा पत्रा जिथे दुमडतो तिथे तपकिरी रेघ दिसली, आणि कड्यांच्या सांध्यांत दात कोरायची काडी फिरवल्यावर काळपट मळ निघाला. तिसऱ्या आठवड्यात बसस्थानकावर पिशवी उचलताना चेन एका बाजूने सुटली आणि घड्याळ फरशीवर पडले. काचेच्या कडेला टवका उडाला आहे. घड्याळ चालू आहे, पण मुलाने हौसेने दिलेली वस्तू अशी जखमी झाल्याचे वाईट वाटते.

आता दुसरी चेन घ्यायची आहे, आणि या वेळी समजून घ्यायची आहे. मापाचा अभ्यास मी थोडा केला आहे, तो इथे लिहिते. घड्याळाच्या दोन शिंगांमधले, म्हणजे पट्टा जिथे अडकतो त्या टोकांमधले, अंतर मोजायचे असते आणि ते बहुधा १८, २०, २२ किंवा २४ मिमी असते. सॅमसंगच्या गॅलॅक्सी वॉच ४ पासून ७ पर्यंत ते २० मिमी आहे. मात्र २०२४ चे अल्ट्रा आणि २०२५ चे वॉच ८ यांना वेगळ्या प्रकारची जोडणी असल्याने त्यांना साधी २० मिमीची चेन थेट बसत नाही. ॲपलच्या घड्याळात पट्टा खाचेत सरकवतात, आणि तिथे ४२ मिमी या आकड्याने फसगत होते: पहिल्या काही पिढ्यांतले ४२ मिमीचे घड्याळ मोठ्या, म्हणजे ४४ आणि ४५ मिमीच्या पट्ट्यांच्या गटात येते, तर २०२४ च्या सिरीज १० मधले ४२ मिमीचे घड्याळ लहान, म्हणजे ४० आणि ४१ मिमीच्या गटात येते. माझ्या घड्याळाला २० मिमी लागते.

माझे प्रश्न असे: खोक्यावरचा शब्द खरा की खोटा हे घरच्या घरी कसे ओळखावे? चट्टा घामाने उठला की धातूने? चेन घड्याळाला जोडणारी पिन का सुटली असेल? आणि आमच्या बोअरच्या जड पाण्यात अशी चेन धुवावी तरी कशी?

भट्टी (जालना)

दुधनाताई, मी जालन्यात सळईच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत काम करतो. धातूबद्दलच्या प्रश्नाचे उत्तर देतो.

आमच्याकडे भंगार वितळवून जी सळई निघते ती साध्या कार्बन स्टीलची असते. चार पावसाळी दिवस उघड्यावर पडली की ती तांबूस होते, आणि बांधकामाच्या सळईत तेवढा वरवरचा गंज कोणी दोष मानत नाही. स्टेनलेस स्टील म्हणवून घ्यायला लोखंडात किमान साडेदहा टक्के क्रोमियम असावे लागते. हे क्रोमियम हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून पृष्ठभागावर अवघ्या काही नॅनोमीटर जाडीचा एक थर धरते आणि तोच थर खालच्या लोखंडाचे रक्षण करतो. ओरखडा पडला तरी हवा लागताच तो थर पुन्हा धरला जातो. म्हणजे या धातूचे आरोग्य हवेवर अवलंबून आहे, ही गोष्ट कृपया लक्षात ठेवावी. निगेचे सगळे प्रश्न तिच्यातूनच सुटतात.

घामात मीठ असते आणि मिठातले क्लोराइड या थराचे वैरी आहे. चेनच्या उघड्या अंगावरचा घाम पुसला जातो, वाळतो, तिथे हवा खेळती असते, त्यामुळे तिथे सहसा काही होत नाही. पण कडीच्या सांध्यात मळाखाली घाम अडकला की आत ऑक्सिजन पोहोचत नाही, क्लोराइड मात्र साठत जाते, आणि थर तुटला तर पुन्हा धरत नाही. म्हणून चेन वरून चकचकीत दिसते आणि सांध्यातून तपकिरी पाणी येते. तुम्ही काडीने जो काळपट मळ काढलात, त्याच्याच खाली हे सगळे घडते.

३०४ या प्रतीत सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते. चांगल्या भांड्यांवर १८/८ लिहिलेले असते ते हेच. ३१६एल या प्रतीत निकेल १० ते १४ टक्के आणि शिवाय २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असते. हे मॉलिब्डेनम क्लोराइडच्या माऱ्याला तोंड देते, म्हणून घामाच्या मनगटासाठी ३१६एल घ्यावे. शेवटचा ‘एल’ कार्बन कमी असल्याचा, म्हणजे जास्तीत जास्त ०.०३ टक्के असल्याचा आहे. ‘सर्जिकल स्टील’ या शब्दाने नेमकी एक प्रत ठरत नाही; विक्रेत्याने तो शब्द वापरला तर प्रतीचा आकडा विचारावा.

आणखी एक शक्यता सांगतो. कड्या बऱ्या धातूच्या असतात, पण आतल्या पिना साध्या पोलादाच्या घालून पैसे वाचवलेले असतात. तशा वेळी गंज पिनेचा असतो आणि नाव चेनचे खराब होते. तुटलेल्या चेनची एक पिन काढून मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवून पाहा.

चुंबकाच्या परीक्षेवर फार विसंबू नये. ३०४ आणि ३१६एल यांना चुंबक जवळजवळ चिकटत नाही, हे खरे. पण जस्त, पितळ आणि ॲल्युमिनियम यांनाही तो चिकटत नाही. चुंबक घट्ट बसला तर चेन नाकारावी, नाही बसला तर काहीच सिद्ध झाले नाही असे समजावे.

तोळामासा (लातूर)

आमचा सराफीचा व्यवसाय आहे आणि भट्टी यांनी जिथे थांबवले तिथून पुढे मी सांगू शकतो, कारण धातू ओळखण्याची एक सोपी रीत आमच्या हातातली आहे.

गेल्या महिन्यात माझ्या भाच्याने दोन चेना आणल्या. दोन्हींवर ‘३१६एल’ कोरलेले होते. कोरायला मशीन लागते, प्रामाणिकपणा लागत नाही, म्हणून आम्ही दोन्ही पाण्यात तोलल्या. काट्यावर पाणी भरलेला काचेचा पेला ठेवला आणि काटा शून्यावर आणला. चेन बारीक दोऱ्याने बांधून पाण्यात अशी सोडली की ती पूर्ण बुडेल, पण तळाला आणि कडेला टेकणार नाही. त्या वेळी काटा जितके ग्रॅम दाखवतो तितके घन सेंटिमीटर त्या वस्तूचे आकारमान असते. पहिल्या चेनचे कोरडे वजन ७२ ग्रॅम होते आणि पाण्यात काट्याने ९ दाखवले. ७२ भागिले ९, म्हणजे घनता ८. स्टेनलेस स्टीलची घनता ७.९ ते ८ असते, तेव्हा ती चेन परीक्षेत उतरली. दुसरीचे वजन ६१ ग्रॅम आणि पाण्यात ९.२, भागाकार ६.६ आला. तो आकडा जस्ताच्या मिश्रधातूचा आहे. दोन्हींचा रंग एक, चकाकी एक, हाताला लागणारा थंडावाही एक. फरक पाण्याने सांगितला.

यात दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. कड्यांत हवेचे बुडबुडे अडकतात आणि त्यामुळे आकारमान जास्त, घनता कमी दिसते. म्हणून पाण्यात साबणाचा एक थेंब टाकून चेन आतल्या आत हलवावी आणि बुडबुडे निघून गेल्यावरच आकडा वाचावा. दुसरे म्हणजे पितळेची घनता ८.४ ते ८.७, म्हणजे स्टीलच्या जवळची असते. मुलामा दिलेल्या पितळेचा संशय असेल तर लॉकच्या आतल्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यावर सुईने बारीक रेघ ओढावी. पिवळे दिसले की उत्तर मिळाले. टायटॅनियम ४.४ ते ४.५ आणि ॲल्युमिनियम २.७ दाखवते, तिथे चुकायला जागाच नाही.

जस्ताला मी वाईट म्हणत नाही. बिदरी कामाच्या हुक्क्यांचा आणि पानदानांचा गाभा जस्त आणि थोड्या तांब्याचाच असतो आणि त्या वस्तू पिढ्यान्‌पिढ्या घरात मिरवतात. पण त्या कपाटात असतात. मनगटावर दिवसभर घामात राहणाऱ्या जस्ताला वरून मुलामा द्यावा लागतो, त्या मुलाम्यात बऱ्याचदा निकेल असते, आणि सांध्यांवर घासून तो मुलामा आधी जातो.

मन्याड (नांदेड)

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. निकेलचा उल्लेख झाला आहे, तेव्हा चट्ट्याबद्दल थोडे सविस्तर लिहिते. मात्र छायाचित्र किंवा वर्णन पाहून केलेले निदान अपुरे असते, त्यामुळे चट्टा आठवड्यात ओसरला नाही तर प्रत्यक्ष दाखवावा.

मनगटावरच्या चट्ट्याची दोन कारणे वरचेवर दिसतात. घाम, साबण आणि घर्षण यांनी होणारा दाह पट्टा काढून कातडी कोरडी ठेवली की एकदोन दिवसांत उतरू लागतो. सिलिकॉनच्या पट्ट्याखाली तुम्हाला जे होत होते ते बहुधा हेच असावे. निकेलची ॲलर्जी निराळी असते: ती संपर्कानंतर काही तासांनी, पुष्कळदा एक ते तीन दिवसांनी उठते, खाज फार असते, आणि जिथे धातू टेकतो नेमका तोच आकार कातडीवर उमटतो. लॉकच्या आकाराचा चट्टा, असे तुम्ही लिहिले आहे, ते मला महत्त्वाचे वाटते. नकली कानातल्यांनी कधी कानाची पाळी चिघळली होती का, किंवा जीन्सच्या बटणाखाली बेंबीजवळ खाज सुटली होती का, हे आठवून पाहा. या ॲलर्जीला एकदा सुरुवात झाली की ती सहसा आयुष्यभर राहते, म्हणून ‘सवय होईल’ असे म्हणून चेन घालत राहू नये. कातडीवर संशयित पदार्थाची पट्टी चिकटवून करतात त्या पॅच टेस्टने नक्की कळते.

इथे वाचणाऱ्यांच्या मनात प्रश्न येईल की ३१६एलमध्ये तर १० टक्क्यांहून जास्त निकेल आहे, मग ते कसे चालते? ते निकेल धातूच्या रचनेत घट्ट बांधलेले असते आणि घामात फारच थोडे उतरते. युरोपीय संघाचा नियमही धातूत निकेल किती आहे हे पाहत नाही, कातडीपर्यंत किती पोहोचते हे पाहतो. सतत अंगाला लागणाऱ्या वस्तूंसाठी मर्यादा दर चौरस सेंटिमीटरला आठवड्याला ०.५ मायक्रोग्रॅम आहे. निकेलच्या मुलाम्याची स्वस्त वस्तू ती मर्यादा सहज ओलांडू शकते. डायमिथिलग्लायॉक्झाइमचे द्रावण लावलेला कापसाचा बोळा वस्तूवर घासला आणि तो गुलाबी झाला, तर निकेल सुटते आहे असे समजतात. ज्यांची ॲलर्जी तीव्र आहे त्यांनी ३१६एलचाही मोह न धरता टायटॅनियम घ्यावे.

एक सूचना विषयाला धरूनच करते. जाळीदार विणीच्या, चुंबकाने चिकटणाऱ्या धातूच्या पट्ट्यांना पुष्कळ मागणी आहे. ज्यांना पेसमेकर बसवलेला आहे त्यांनी स्मार्टवॉच आणि अशी चुंबके छातीपासून किमान १५ सेंटिमीटर दूर ठेवावीत; अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२१ मध्ये फोन आणि स्मार्टवॉचबद्दल सहा इंचांचे अंतर सांगितले आहे, ते हेच. हात छातीवर ठेवून झोपण्याची सवय असणाऱ्या वडीलधाऱ्यांना असा पट्टा भेट देऊ नये. त्या चुंबकाने घड्याळातले होकायंत्रही चुकीची दिशा दाखवू शकते.

दुधना (परभणी)

डॉक्टर ताई, कानातल्यांचे अगदी बरोबर ओळखलेत. लग्नाच्या आधी खड्यांच्या कुड्यांनी माझे कान चिघळले होते आणि तेव्हापासून मी सोन्याशिवाय कानात काही घातलेले नाही. दोन्ही गोष्टींचा संबंध असेल असे मनातही आले नव्हते. पुढच्या आठवड्यात पॅच टेस्ट करून घेते.

भट्टी दादा, पिन मिठाच्या पाण्यात ठेवली होती. सकाळी पाण्याच्या तळाला विटकरी साका बसला होता.

शहागंज (छत्रपती संभाजीनगर)

आमचे घड्याळदुरुस्तीचे दुकान आजोबांच्या वेळेपासून आहे. ताईंचे घड्याळ पडले त्या घटनेबद्दल लिहितो, कारण आमच्याकडे पडून आलेल्या स्मार्टवॉचपैकी बऱ्याच घड्याळांत दोष चेनचा नसतो आणि घड्याळाचाही नसतो. दोन रुपयांच्या पिनेचा असतो.

चेन आणि घड्याळ यांना जोडणारी पिन आतून पोकळ असते, तिच्यात स्प्रिंग असते आणि दोन्ही टोके आत दबतात. ती टोके घड्याळाच्या शिंगांतल्या छिद्रांत पूर्ण शिरली तरच पकड येते. सिलिकॉनच्या पट्ट्यासोबत आलेली बारीक पिन धातूच्या चेनला वापरू नये, कारण चेन जड असते आणि हात झटकला की सगळा हिसका त्या टोकांवर येतो. शक्य असेल तिथे १.८ मिमी जाडीची पिन घालावी, १.५ मिमीची पिन चेनच्या छिद्रात खुळखुळते आणि छिद्र झिजवत जाते. बाजूला चिमुकली दांडी असलेली, हाताने सरकवून काढता येणारी पिन सोयीची असते, पण दांडीच्या खाचेत मळ बसला की ती अर्धवटच परत येते. चेन बसवल्यावर ‘टक्’ असा आवाज दोन्ही टोकांना वेगवेगळा ऐकू आला पाहिजे. त्यानंतर गादीवर हात धरून चेन दोन्ही बाजूंनी थोडी ओढून, थोडी पिळून पाहावी. आमच्याकडे हे केल्याशिवाय घड्याळ गिऱ्हाइकाच्या हातात जात नाही. पिना वर्षातून एकदा बदलाव्यात. ताईंच्यासारख्या गंजलेल्या असतील तर आजच बदलाव्यात.

विकत घेताना चेन उलटी करून पाहावी. कडी पत्रा दुमडून केलेली असेल तर बाजूने फट दिसते. अशी चेन हलकी आणि स्वस्त असते, तिच्यात केस अडकतात आणि मळही तिथेच साठतो. भरीव कडीची चेन घ्यावी. घड्याळाला टेकणारी शेवटची कडीही भरीव असावी आणि घड्याळाच्या गोलाईला तंतोतंत बसावी. तिथे नख शिरेल इतकी फट असेल तर ती चेन त्या घड्याळासाठी नाही.

कड्या काढण्याबद्दल. बहुतेक चेनमध्ये काही कड्यांच्या आतल्या बाजूला बाण असतो. पिन बाणाच्या दिशेने ठोकून बाहेर काढायची, आणि बसवताना बाणाच्या उलट दिशेने आत घालायची. पिनेचे एक टोक चिरलेले असते. अखंड टोक आधी आत जाते आणि चिरलेले टोक शेवटी. घरी करायचे असेल तर खाली जाड टॉवेल अंथरावा म्हणजे पिन उडून हरवत नाही, आणि हलकी हातोडी वापरावी. काही चेनमध्ये पिनेसोबत तांदळाच्या कणीपेक्षाही लहान नळी असते. ती हरवली तर पिन धरतच नाही, तेव्हा ती आहे असे दिसले की काम दुकानात द्यावे. स्क्रूच्या कड्या असतील तर बसवताना आट्यांवर निळा लॉकटाइट, म्हणजे आटे धरून ठेवणारा गोंद, अगदी सुईच्या टोकाइतका लावावा, नाहीतर ते हळूहळू सैल होतात. ॲपलच्या २०१५ पासूनच्या लिंक ब्रेसलेटच्या कड्या मात्र आतले बटण दाबून, हत्याराशिवाय निघतात.

कड्या दोन्ही बाजूंनी सारख्या काढाव्यात म्हणजे लॉक मनगटाच्या मध्यावर येते. विषम संख्या असेल तर जास्तीची कडी मनगटाच्या खालच्या, म्हणजे सहाच्या आकड्याकडच्या बाजूने काढावी. उन्हाळ्यात संध्याकाळी हात थोडा फुगतो, त्यामुळे सकाळी माप घेतलेली चेन सहा वाजता रुतते; माप दुपारनंतर घ्यावे. लॉकमध्ये बारीक छिद्रांची रांग असेल तर पिन एक घर पुढेमागे करून ऋतूप्रमाणे जुळवता येते, आणि ही सोय असलेलेच लॉक मी सुचवतो. दोन्ही बाजूंनी उघडणारे लॉक दिसायला देखणे असते, पण त्यात बहुधा ही छिद्रे नसतात. अर्ध्या कडीचा फरक मग भरून निघत नाही.

साध्या घड्याळाची चेन थोडी ढिली चालते, स्मार्टवॉचची चालत नाही. पाठीमागचा हिरवा प्रकाश कातडीत शिरतो, रक्ताच्या लाटेप्रमाणे कमीजास्त परत येतो, आणि त्यावरून नाडी मोजली जाते. जड चेनने घड्याळ घसरत राहिले तर कडेने बाहेरचा उजेड शिरतो आणि चालताना नाडीचे आकडे भलतेच येतात. करंगळी जेमतेम सरकेल इतकी चेन असावी. धावायला जाणाऱ्यांनी त्या तासापुरता सिलिकॉनचा किंवा कापडी पट्टा लावावा. माझे स्वतःचे मत असे आहे की धातूची चेन व्यायामासाठी नाहीच.

बालाघाट (बीड)

एक गोष्ट अजून कोणी लिहिली नाही आणि आमच्या भागात ती लिहायलाच हवी. शेतात मोटारीच्या स्टार्टरची पेटी उघडताना, ट्रॅक्टरच्या बॅटरीचे नट आवळताना, आणि मळणीयंत्राजवळ काम करताना धातूची चेन हातावर ठेवू नये. बॅटरीचे दोन्ही ध्रुव किंवा एक ध्रुव आणि ट्रॅक्टरचे लोखंडी अंग यांच्यामध्ये चेन आली तर बारा व्होल्टमध्येही इतका प्रवाह वाहतो की कड्या क्षणात लाल होतात. झटका लागत नाही, पण मनगटाभोवती गोल भाजते. माझ्या मावसभावाच्या हातावर तो वण आहे. घड्याळ काढून खिशात ठेवायला दोन सेकंद लागतात.

खाम (छत्रपती संभाजीनगर)

माझ्या घड्याळाची चेन बंद कड्यासारखी असल्याने घड्याळ चार्जरच्या चकतीवर सपाट बसत नाही. शिवाय चेन काळी आहे आणि कडांवर पांढरी दिसू लागली आहे. यावर काही उपाय?

शहागंज (छत्रपती संभाजीनगर)

घडीचे लॉक उघडले तरी चेन बंद कड्यासारखीच राहते, म्हणून ती पसरवून घड्याळ सपाट ठेवता येत नाही. चकती उंचावर धरणारा लहानसा स्टँड घ्यावा आणि चेन त्याभोवती लोंबू द्यावी. चेन चकती आणि घड्याळ यांच्या मध्ये येऊ देऊ नये, कारण बिनतारी चार्जिंगमध्ये मध्ये आलेला धातू तापतो.

काळा रंग हा निर्वात पोकळीत चढवलेला पातळ थर असतो. चांगला थर कठीण असतो आणि बरीच वर्षे टिकतो, पण गेला तर घरी परत चढवता येत नाही. त्यावर पॉलिश, टूथपेस्ट, घासणी काहीही लावू नये. रोज टेबलावर हात टेकून लिहिणाऱ्यांनी आणि संगणकावर काम करणाऱ्यांनी मुळात बिनरंगी, रेघारेघांची चेन घ्यावी असे मी सांगतो. तिच्यावर ओरखडे दिसतात कमी, आणि दिसलेच तर भांड्याची हिरवी घासणी रेघांच्याच दिशेने, एकाच बाजूला, हलक्या हाताने फिरवून ते मिटवता येतात. चकचकीत भागाला आधी चिकटपट्टी लावून घ्यावी.

भट्टी (जालना)

पाण्याचा प्रश्न राहिला होता. बोअरच्या जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. साबणाशी त्यांचा संयोग होऊन न विरघळणारा चिकट साका तयार होतो आणि तो कड्यांत बसतो. म्हणजे जड पाण्यात साबणाने धुतलेली चेन धुण्यापूर्वीपेक्षा जास्त मळू शकते. वडीसाबणाऐवजी भांड्यांच्या द्रव साबणाचे दोन थेंब घ्यावेत, त्याचा साका होत नाही, आणि शेवटचे पाणी फिल्टरचे असावे. ब्लीच आणि संडास-फरशीचे ॲसिड यांचा चेनला स्पर्शही होऊ देऊ नये. दोन्हींमध्ये क्लोरीनची संयुगे असतात आणि त्यांनी ३१६एललासुद्धा खड्डे पडतात. फरशी पुसताना घड्याळ काढून ठेवावे. पितळेच्या भांड्यांची चिंच, राख आणि पावडरही इथे नको.

तोळामासा (लातूर)

२०१६ साली आमच्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, त्यामुळे नळ सोडून चेन धुवा असे मी कोणाला सांगणार नाही, आणि त्याची गरजही नाही. आमची दागिन्यांची रीत अशी: वाटीभर कोमट पाण्यात द्रव साबण, त्यात चेन दहा मिनिटे, मग लहान मुलांच्या मऊ ब्रशने प्रत्येक सांधा वाकवून आतून घासायचा, आणि दुसऱ्या वाटीतल्या स्वच्छ पाण्यात बुडवून काढायची. दोन वाट्या पाण्यात काम होते. चेन घड्याळापासून वेगळी करूनच हे करावे. सराफाकडच्या अल्ट्रासॉनिक यंत्रात चेन फार छान निघते, पण यंत्रात घड्याळ कधीही घालू नये.

मी शेवटी पिनांवर शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब सोडतो, म्हणजे गंज धरत नाही.

शहागंज (छत्रपती संभाजीनगर)

तोळामासा काका, तेलाबद्दल मी आदराने असहमत आहे. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये काळ्या मातीची धूळ हवेत असते. ती तेलाला चिकटते आणि सांध्यात पॉलिशच्या लेपासारखी फिरत राहते. आमच्याकडे येणाऱ्या लांबलेल्या, लोंबणाऱ्या चेना उघडल्या की आत हाच काळा लेप निघतो आणि पिनेची छिद्रे अंडाकृती झालेली असतात. चेन धुतल्यावर फडक्यात गुंडाळून झटकावी, पंख्याखाली दोन तास पसरून ठेवावी आणि पूर्ण कोरडी झाल्याशिवाय हातावर घालू नये. एवढ्याने गंजाचे काम होते.

तोळामासा (लातूर)

आमच्या दागिन्यांत सांधे इतके हलत नाहीत, हे लक्षात आले नव्हते. माझी चेन आज धुऊन तेल काढतो.

दुधना (परभणी)

सर्वांचे मनापासून आभार. जे केले ते लिहून ठेवते.

पॅच टेस्टमध्ये निकेलची ॲलर्जी निघाली, मध्यम स्वरूपाची. डॉक्टरांशी बोलून मी स्टीलचा विचार सोडला आणि टायटॅनियमची, बिनरंगी, भरीव कड्यांची चेन घेतली. किंमत पहिल्या चेनच्या कितीतरी पट आहे आणि ती देताना हात आखडला, हे खरे; पण चट्टा आणि काचेचा टवका डोळ्यांसमोर होता. गल्लीतल्या सराफांनी कौतुकाने पाण्यात तोलून दिली. कोरडी ४० ग्रॅम भरली, पाण्यात ९ दाखवले. जुनी चेनही सोबत नेली होती. तिचा भागाकार ६.७ आला.

पिना १.८ मिमीच्या घेतल्या. तीन कड्या काढाव्या लागल्या, दोन खालच्या बाजूने आणि एक वरच्या, आणि माप संध्याकाळी पाच वाजता घेतले. आता दर रविवारी दोन वाट्यांची रीत चालू आहे. चेन हातावर आली तेव्हापासून पाच आठवडे झाले, मनगट स्वच्छ आहे.

एकच विचारायचे राहिले: काढलेल्या कड्या ठेवाव्यात का?

शहागंज (छत्रपती संभाजीनगर)

अवश्य ठेवाव्यात, पिनांसकट. त्याच रुंदीची, त्याच बनावटीची कडी दोन वर्षांनी बाजारात मिळत नाही. लहान डबीत घालून डबीवर घड्याळाचे नाव आणि ‘२० मिमी’ असे लिहून ठेवा.

दुधना (परभणी)

कुंकवाची रिकामी डबी होती, तिच्यात ठेवल्या.